बायोटेक कंपनीचा प्रश्न, विद्यार्थ्यांचा सल्ला : हे प्रकल्प काय असतात आणि आपल्या मुलामुलींना किती उपयोगी?

बारावीला चांगले मार्क पडले, मेडिकल थोडक्यात हुकलं आणि मुलगी बायोटेक्नॉलॉजीकडे वळली, हे आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत घडलं आहे. बीएस्सी होते, एमएस्सी होते. कुणी नेट-सेटच्या मागे लागते, कुणी परदेशात पीएचडीला जाते. मग घरात आणि पाहुण्यांतही एकच प्रश्न सुरू होतो : आता पुढे काय? प्रोफेसरच्या जागा थोड्या आणि उमेदवार ढीगभर, ही स्थिती इथेही आहे आणि अमेरिकेतही. मग काय जन्मभर दुसऱ्याच्या लॅबमध्ये टेस्ट ट्यूब धरायच्या?

या दोहोंखेरीज आणखी एक रस्ता आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांत तो चांगला रुळला आहे, आपल्याकडे मात्र त्याची नीट माहिती नाही. पदव्युत्तर आणि पीएचडीचे विद्यार्थी शिकता शिकताच बायोटेक कंपन्यांसाठी सल्लागार म्हणून प्रकल्प करतात. आम्ही इथे त्याची माहिती एकत्र देत आहोत. विद्यार्थ्यांइतकीच ती पालकांसाठीही आहे, कारण परदेशातल्या शिक्षणाचा खर्च बहुतेक वेळा अब्बूंच्या प्रॉव्हिडंट फंडातून किंवा अम्मीच्या दागिन्यांतून निघतो.

काम नेमकं काय?

कंपनीला पडलेला धंद्याचा एखादा प्रश्न चार-सहा विद्यार्थ्यांची टीम ठरावीक मुदतीत अभ्यासते आणि शेवटी कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे सादरीकरण करून उत्तर देते. इंटर्नशिपपेक्षा हे वेगळं आहे. इंटर्न कंपनीत बसतो आणि साहेब सांगतील ते करतो. इथे विद्यार्थी बाहेरचा असतो आणि त्याला मत विचारलेलं असतं. मत दिलं की ते का दिलं, हेही सांगावं लागतं.

प्रश्न साधारण असे असतात. आमचं हे रेणू-संयुग तीन आजारांवर चालेल असं दिसतं, तर चाचण्या आधी कुठल्या आजारावर कराव्यात? या तपासणी किटला किती दवाखाने पैसे मोजतील? प्रतिस्पर्धी कंपन्या कुठवर पोचल्या आहेत? हे तंत्रज्ञान कुठली मोठी कंपनी परवान्यावर विकत घेईल? वरवर पाहता हे एमबीएचे प्रश्न वाटतात. पण शोधनिबंध वाचून त्यातला कच्चा दुवा पकडता आला नाही तर यातल्या एकाचंही उत्तर देता येत नाही. म्हणून कंपन्यांना जीवशास्त्राचे विद्यार्थी हवे असतात.

दुसरं कारण सरळ पैशाचं. नव्या बायोटेक कंपनीत पुष्कळदा दहा-पंधराच माणसं असतात आणि मोठ्या सल्लागार कंपन्यांची फी त्यांना झेपत नाही. त्यात हा धंदा जोखमीचा. एक औषध बाजारात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी जेमतेम एकाला मंजुरी मिळते. पहिला आजार चुकीचा निवडला तर पैसा संपतो आणि चांगलं औषधही कपाटात पडून राहतं. अशा वेळी तीन महिन्यांत कुणी नीट अभ्यास करून दिला तर तो त्यांना हवाच असतो.

दोन नमुने, आणि दोन्हींतला पैशाचा फरक

पहिला नमुना अभ्यासक्रमाच्या आतला. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट गावात केक ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट आहे. १९९७ साली ती स्थापन झाली ती जीवशास्त्राच्या उद्योगासाठी माणसं तयार करायची, याच हेतूने. तिथल्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षी प्रबंधाऐवजी टीम मास्टर्स प्रोजेक्ट करता येतो. तीन ते पाच विद्यार्थी, एक प्राध्यापक, कंपनीचा एक माणूस आणि हाताशी पूर्ण शैक्षणिक वर्ष. प्रकल्पासाठी कंपनी संस्थेला फी देते. ही कल्पना शेजारच्याच हार्वी मड कॉलेजमधून आलेली आहे. तिथे १९६३ पासून इंजिनीअरिंगचे विद्यार्थी 'क्लिनिक' नावाखाली कंपन्यांचे खरे प्रश्न सोडवत आले आहेत.

दुसरा नमुना विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेल्या गटांचा. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात (हे राजधानीत नाही, मिसुरी राज्यात आहे, अर्ज भरताना भल्याभल्यांचा गोंधळ होतो) बाल्सा नावाचा गट आहे. पीएचडीचे विद्यार्थी आणि पोस्टडॉक मिळून ही ना-नफा संस्था चालवतात. स्टार्टअप, कंपन्या आणि विद्यापीठांची पेटंट कार्यालये त्यांच्याकडे काम घेऊन येतात. प्रकल्प काही आठवड्यांचा असतो, वर्षभराचा नव्हे. फिलाडेल्फियात पेन बायोटेक ग्रुप आहे. त्यात व्हार्टनचे एमबीए, मेडिकलचे आणि पीएचडीचे विद्यार्थी एकाच टीममध्ये काम करतात. बॉस्टनच्या परिसरात तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या विद्यापीठात असा एखादा गट सापडेल.

पालकांनी फरक नीट लक्षात घ्यावा तो इथे. अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर दरमहा विद्यावेतन मिळतं. मास्टर्सची फी मात्र बहुधा खिशातूनच भरावी लागते. म्हणजे पहिल्या नमुन्यात प्रकल्पाचा अनुभव पैसे मोजून मिळतो, तर दुसऱ्यात पीएचडी करताना जवळपास फुकट. आमचं मत विचाराल तर, मुलाला किंवा मुलीला संशोधनाची खरी ओढ असेल तर पीएचडीचा मार्ग लांबचा असला तरी कर्जाविना पार पडू शकतो. फक्त कंपनीतली नोकरी हवी म्हणून पाच-सहा वर्षं पीएचडीत घालवणं मात्र शहाणपणाचं नाही.

एक उदाहरण : सिकलसेलचं औषध

सगळं जाहीर असलेलं उदाहरण घेऊ, म्हणजे कुणाचं गुपित फुटणार नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिकलसेलवरच्या कॅसजेवी या जनुक-संपादन उपचाराला मंजुरी दिली. व्हर्टेक्स आणि क्रिस्पर थेराप्युटिक्स या कंपन्यांनी तो विकसित केला आहे. किंमत एका रुग्णाला २२ लाख डॉलर. अमेरिकेत सिकलसेलचे रुग्ण साधारण १ लाख. आता समजा विद्यार्थ्यांच्या टीमला विचारलं, याचा बाजार किती?

घाईत गुणाकार करणारा म्हणेल, १ लाख गुणिले २२ लाख, म्हणजे २२,००० कोटी डॉलर. हे उत्तर घेऊन कंपनीपुढे गेलात तर दुसऱ्यांदा बोलावणं येणार नाही. मंजुरी १२ वर्षांवरच्या आणि वारंवार तीव्र झटके येणाऱ्या रुग्णांसाठीच आहे, आणि असे रुग्ण अंदाजे १६,०००. इथेच आकडा ३,५२० कोटी डॉलरवर येतो. पण गाळणी अजून संपलेली नाही. हा उपचार ठरावीक केंद्रांतच मिळतो. रुग्णाच्या पेशी काढून बाहेर दुरुस्त करायच्या, मग कडक केमोथेरपी देऊन त्या परत सोडायच्या, आठवडेच्या आठवडे दवाखान्यात राहायचं. केमोथेरपीमुळे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. विशी-पंचविशीतला रुग्ण यावर दहा वेळा विचार करणारच. वर अमेरिकेतले निम्म्याच्या आसपास सिकलसेल रुग्ण मेडिकेड या सरकारी विम्यावर आहेत, म्हणजे राज्य सरकारांनी एवढे पैसे द्यायचं मान्य करायला हवं. एवढ्या पायऱ्या उतरल्यावर पहिल्या वर्षी किती रुग्ण उपचार घेतील हा आकडा फार लहान निघतो. त्यातली प्रत्येक पायरी कशाच्या आधारावर धरली, हे टीमला दाखवता आलं पाहिजे. या प्रकल्पांतलं निम्मं काम म्हणजे हीच गाळणी.

उरलेलं निम्मं काम फोनवर होतं. डॉक्टर, नर्स, विमा कंपनीतले लोक, रुग्णांच्या संघटना यांच्याशी बोलायचं. कागदावर जे दिसत नाही ते तिथे कळतं. लाजाळू मुलांना हा भाग जड जातो, पण शिकायला सगळ्यात जास्त इथेच मिळतं.

सिकलसेलचं उदाहरण घ्यायला आणखी एक कारण आहे. गडचिरोली, नंदुरबार, विदर्भातले आदिवासी पट्टे या आजाराने ग्रासलेले आहेत. २०४७ पर्यंत तो संपवण्याचं ध्येय ठेवून केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. नागपूर किंवा अकोल्याहून गेलेल्या विद्यार्थ्याने अशा टीममध्ये सांगितलं की आमच्याकडे प्रश्न २२ लाख डॉलरच्या उपचाराचा नसून वेळेवर रक्ततपासणी आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मिळण्याचा आहे, तर ते मत टीममधल्या दुसऱ्या कुणाकडे नसतं.

डुकराचं जिलेटिन, हेपॅरिन आणि आपली माहिती

धर्म आणि धंदा यांची गल्लत करायची नाही, पण काही विषय असे आहेत की त्यात मुस्लिम घरातल्या विद्यार्थ्याला आधीपासूनच बरंच ठाऊक असतं. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनतं. वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेलं एचपीएमसी नावाचं कवचही मिळतं. मुंबईची एसीजी ही कॅप्सूल बनवणारी मोठी कंपनी दोन्ही प्रकार बनवते. मलेशिया, इंडोनेशिया किंवा आखातात औषध विकायचं तर कवच कुठलं निवडावं, हलाल प्रमाणपत्राचा खर्च निघेल का, हा अस्सल सल्लागारी प्रश्न आहे.

बायोटेक्नॉलॉजीचा इतिहासही इथे आपल्या रोजच्या जगण्याशी जोडलेला आहे. पूर्वी इन्सुलिन डुकराच्या आणि गायीच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि हळूहळू तो प्रश्नच मिटला. चीजसाठी लागणाऱ्या वासराच्या रेनेटच्या जागी सूक्ष्मजीवांकडून बनवलेलं कायमोसिन १९९० मध्ये आलं. रक्त पातळ करणारं हेपॅरिन मात्र जगात अजून मुख्यतः डुकराच्या आतड्यांतूनच मिळवतात. २००८ मध्ये चीनमधून आलेल्या हेपॅरिनमध्ये भेसळ सापडली आणि एकाच प्राण्यावर सगळा पुरवठा अवलंबून ठेवण्यातला धोका जगाला कळला. पर्यायी हेपॅरिनला बाजार किती, यावर कुणी प्रकल्प दिला तर त्या टीममध्ये आपला विद्यार्थी असायला हवा. जीव वाचवण्यासाठी असं औषध घेण्याबाबत आणि मूळ पदार्थ पूर्ण बदलून गेल्यावरच्या हुकमाबाबत उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. त्यात आम्ही पडत नाही. एखादा प्रकल्प मनाला पटत नसेल तर तो नाकारून दुसरा मागता येतो, त्याची सोय बहुतेक गटांत असते. जुम्म्याच्या वेळी टीमचा कॉल ठेवू नका असं पहिल्याच आठवड्यात सांगितलं तर सहसा कुणी हरकत घेत नाही. सांगितलंच नाही तर मात्र त्यांना कळणार कसं?

गोपनीयता ही अमानत आहे

प्रकल्प सुरू होण्याआधी विद्यार्थ्याकडून गोपनीयतेच्या करारावर सही घेतात. ही सही हलक्यात घेऊ नये. आपल्याला हा विषय नवा नाही, सोपवलेली गोष्ट जपणं म्हणजेच अमानत. घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलतानाही कंपनीचं नाव किंवा औषधाचा निकाल सांगायचा नाही. कंपनीच्या फाइली फुकटच्या एआय ॲपमध्ये टाकायच्या नाहीत. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर आत कळलेल्या माहितीवर तिचे शेअर घ्यायचे नाहीत आणि मामूंनाही घ्यायला सांगायचे नाहीत, तो गुन्हा आहे. आपल्या गाइडच्या लॅबमध्ये त्याच विषयावर काम चालू असेल तर ते आधीच सांगून बाजूला व्हावं.

आणखी एका बाबतीत आम्ही कडक आहोत. काही विद्यार्थी माहिती काढण्यासाठी प्रतिस्पर्धी कंपनीत फोन करतात आणि "मी कॉलेजच्या असाइनमेंटसाठी विचारतोय" असं सांगतात. ते अर्धसत्य आहे, म्हणजे खोटंच. चांगले गट याला साफ मनाई करतात. नाव सांगता येत नसेल तर "एका कंपनीसाठी अभ्यास करतो आहोत, तिचं नाव सांगता येणार नाही" असं म्हणावं. समोरचा फोन ठेवेल, ठेवू दे.

व्हिसा : इथे चूक परवडत नाही

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याला कॅम्पसबाहेर काम करायला परवानगी लागते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून असलेल्या कामासाठी सीपीटी आणि पदवीच्या विषयातल्या प्रत्यक्ष अनुभवासाठी ओपीटी, असे दोन मार्ग आहेत. सीपीटी साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त घेतली तर त्या पदवीवरची ओपीटी गमावते. ओपीटी १२ महिन्यांची असते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी २४ महिने मिळू शकतात.

मग विद्यार्थी-गटाच्या प्रकल्पाचं काय? तो क्रेडिटचा भाग असेल तर एक नियम, बिनपगारी गट असेल तर दुसरा, आणि गट छोटंसं मानधन देत असेल तर पुन्हा तिसरी गोष्ट. ५०० डॉलरच्या चेकने व्हिसा धोक्यात येऊ शकतो. म्हणून प्रकल्पाला होकार देण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं. "सीनिअर म्हणाला चालतं" हे उत्तर धरू नये. नियम बदलतात, आणि सीनिअरच्या वेळचे नियम तुमच्या वेळी असतीलच असं नाही.

गाइडपासूनही काही लपवू नये. अशा प्रकल्पाला आठवड्याचे आठ-दहा तास सहज जातात. काही प्राध्यापकांना हे आवडत नाही, पण पूर्वीइतका विरोध आता राहिलेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनेच २०१३ आणि २०१४ मध्ये बेस्ट नावाच्या योजनेतून १७ संस्थांना निधी दिला, तो विद्यार्थ्यांना प्राध्यापकीबाहेरच्या वाटा दाखवण्यासाठीच.

आपल्याकडे काय आहे?

विद्यार्थी-सल्लागार गटांची अशी परंपरा महाराष्ट्रात अजून फारशी नाही. उद्योगाशी नातं मात्र जुनं आहे. माटुंग्याच्या आयसीटीमधले (जुन्या लोकांच्या तोंडी यूडीसीटी) प्राध्यापक कित्येक दशकं कारखान्यांना सल्ला देत आले आहेत. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे. तिथे अनेक बायोटेक स्टार्टअप वाढतात आणि त्यांना बाजाराचा अभ्यास करून देणारे हात हवेच असतात. बायरॅक या केंद्रीय संस्थेच्या बिग योजनेतून नव्या कल्पनेला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि त्या अर्जात बाजाराचं गणित मांडावंच लागतं. एमएस्सीच्या मुलीने अशा एखाद्या स्टार्टअपला साधं पत्र लिहून "तुमच्या उत्पादनाच्या स्पर्धकांचा दोन महिन्यांत अभ्यास करून देते" असं म्हटलं तर दहापैकी दोन-तीन जण तरी उत्तर देतील, असं आम्हाला वाटतं.

औषध उद्योगात आपल्या लोकांची नावं नाहीत असंही नाही. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला सुरू केली. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी २००१ मध्ये एड्सची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव १०,००० डॉलरच्या वर होता. हबील खोराकीवाला यांच्या वोखार्टने २००३ मध्ये स्वतःचं रिकॉम्बिनंट इन्सुलिन बाजारात आणलं. पण या मोठ्या नावांशी आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांची ओळख नसते, आणि अडतं ते तिथेच. डॉक्टरच्या मुलाला काका फोन करून देतात. रिक्षावाल्याच्या मुलीला तसे काका नसतात. प्रकल्पामुळे कंपनीतल्या चार माणसांशी तिची थेट ओळख होते, ती स्वतःच्या कामावर.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळून. "बायोटेक इंडस्ट्री प्रोजेक्ट" या नावाखाली दहा-वीस हजार रुपये घेऊन महिनाभरात प्रमाणपत्र देणारी केंद्रं शहराशहरांत उघडली आहेत. तिथे ना कंपनी असते ना प्रश्न, सगळ्या मुलांना एकच छापील अहवाल. ज्या कामात कंपनीचा माणूस एकदाही भेटत नाही, त्याला प्रकल्प म्हणू नये.

पैशाच्या बाबतीत दोन बातम्या वाईट आहेत आणि त्या माहीत असाव्यात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी पढो परदेश योजनाही त्याच सुमारास बंद झाली. जुन्या माहितीवर विसंबून यांच्या भरवशावर बेत आखू नका. राज्याचं मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं, त्याची चालू मर्यादा आणि अटी जिल्हा कार्यालयात जाऊनच विचाराव्यात. व्याजाचं कर्ज नकोच असेल तर आधी म्हटल्याप्रमाणे विद्यावेतन देणारी पीएचडी हाच मोकळा रस्ता.

नंतर काय?

मॅकिन्झी, बीसीजी यांसारख्या कंपन्या थेट पीएचडी झालेल्यांनाही घेतात आणि मुलाखतीत वर सिकलसेलचं सांगितलं तसंच कोडं घालतात. फक्त औषध-आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्या सल्लागार कंपन्याही आहेत. त्यांपैकी झेडएसचं मोठं कार्यालय पुण्यात आहे, म्हणजे अमेरिकेला न जाताही हे काम करता येतं. काहीजण कंपनीतच व्यवसाय विकास विभागात जातात, काही पेटंटच्या कामात. कुणी लॅबमध्येच राहतं, पण आपलं संशोधन कुणाच्या कामाचं आहे हे आता त्याला सांगता येतं.

बायोडेटात हा प्रकल्प लिहिताना कंपनीचं नाव टाकायची परवानगी आहे का ते करारात पाहावं. नसेल तर "कॅन्सर निदानाचं किट बनवणाऱ्या स्टार्टअपसाठी चार जणांच्या टीमने दहा आठवड्यांत बाजाराचा अभ्यास केला, डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या, तीनपैकी एक पर्याय सुचवला" एवढं पुरे. मुलाखतीत कुणी खोदून नाव विचारलंच तर सांगू नये. पुष्कळदा तो प्रश्न तेवढंच पाहण्यासाठी विचारलेला असतो.